द्राझेन पेत्रोविच आणि युरोपचा चषक

वाचकहो, आपल्या बेटावर खेळ म्हटले की फुटबॉल. कोणत्याही गावातल्या दुकानासमोर उभे राहा, इंग्लंडच्या कुठल्या क्लबाने कोणाला हरवले ह्यावर तावातावाने चाललेला वाद ऐकू येईल. काकांचा एक क्लब, पुतण्याचा दुसरा, आणि चतुर्थीच्या जेवणाच्या पंगतीतसुद्धा तो वाद मिटत नाही. पण युरोपात फुटबॉलच्या क्लबांचा जसा मोठा चषक आहे तसाच बास्केटबॉलचाही आहे, आणि तो १९५८ पासून चालत आला आहे, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्या चषकाच्या इतिहासात अनेक मोठी नावे आहेत. आज आम्ही त्यांतल्या एकाचे चरित्र सांगणार आहोत. तो अवघा अठ्ठावीस वर्षे जगला. त्या चषकाच्या स्पर्धेत तो फक्त दोन हंगाम खेळला, आणि दोन्ही वेळा चषक घेऊनच परतला. त्याचे नाव द्राझेन पेत्रोविच.

चषकाची थोडी हकीकत आधी सांगितली पाहिजे. फ्रेंच वाचणाऱ्या आपल्या मंडळींना ‘लेकिप’ हे क्रीडा दैनिक माहीत आहेच. ह्याच वृत्तपत्राच्या पुढाकाराने १९५५ साली फुटबॉलच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा सुरू झाली. ती यशस्वी होताच तशीच स्पर्धा बास्केटबॉलसाठीही व्हावी अशी सूचना त्याच वृत्तपत्राकडून पुढे आली. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने १९५७ मध्ये एक समिती नेमली. तिच्यात फ्रान्सचे रोबेर ब्युनेल आणि माद्रिदचे रायमुंदो सापोर्ता ही वजनदार माणसे होती. नियम साधा होता. प्रत्येक देशाचा जो विजेता क्लब असेल त्याने यावे आणि खेळावे.

नियम साधा होता, पण काळ साधा नव्हता. युरोपचे तेव्हा दोन भाग झालेले होते. पहिल्याच वर्षी उपांत्य फेरीत रेआल माद्रिदची गाठ सोव्हिएत संघातील रीगा शहराच्या लष्करी क्लबाशी पडणार होती. स्पेनमध्ये तेव्हा जनरल फ्रँको यांची राजवट होती, आणि स्पेनच्या सरकारने आपल्या खेळाडूंना सोव्हिएत भूमीवर जाऊ दिले नाही. माद्रिदला माघार घ्यावी लागली. रीगाने पुढे सोफियाच्या क्लबाला हरवून पहिला चषक जिंकला, आणि १९५९ व १९६० साली पुन्हा जिंकला. म्हणजे ह्या स्पर्धेत राजकारण पाहुणे म्हणून नंतर आले असे कोणी समजू नये. ते पहिल्या दिवसापासून घरातच बसलेले होते. आमच्या आजच्या कथानायकालाही ते चुकले नाही.

पुढे मॉस्कोचा लष्करी क्लब आला, मग रेआल माद्रिदची सद्दी सुरू झाली. माद्रिदने १९६४ ते १९६८ ह्या पाच वर्षांत चार वेळा चषक नेला. त्यानंतर इटलीतल्या वारेझे ह्या लहानशा गावच्या क्लबाने तर कमालच केली. १९७० ते १९७९ अशी सलग दहा वर्षे तो अंतिम सामन्यात होता, आणि त्यांतले पाच त्याने जिंकले. दहावा अंतिम सामना तो हरला तो सारायेवोच्या बोस्ना क्लबाकडून. युगोस्लाव्हियाच्या क्लबाने हा चषक जिंकण्याची ती पहिली वेळ. त्याच वर्षी, १९७९ मध्ये, आद्रियाच्या समुद्रकाठी शिबेनिक गावात एक पंधरा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या संघात येऊन दाखल झाला.

शिबेनिक हे जुने बंदर. क्रका नदी तिथे समुद्राला मिळते. दगडी घरे, अरुंद चढउताराच्या गल्ल्या, आणि मध्ये सेंट जेम्सचे दगडी कथीड्रल. द्राझेनचा जन्म इथे २२ ऑक्टोबर १९६४ रोजी झाला. त्याचे वडील योवान पोलीस खात्यात होते. ते सर्ब होते आणि हेर्झेगोव्हिनाकडच्या डोंगराळ भागातून येऊन शिबेनिकात स्थायिक झाले होते. आई बिसेर्का शिबेनिक भागातल्या क्रोएट घरातल्या, ग्रंथालयात नोकरीला. एकाच घरात दोन समाज, दोन धर्मपंथ. त्या काळच्या युगोस्लाव्हियात अशी घरे पुष्कळ होती, आणि त्याचे कोणाला विशेष वाटत नसे. आपल्या बेटावर राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

द्राझेनला एक थोरला भाऊ, आलेक्सांदर. घरी त्याला आत्सो म्हणत. तो पाच वर्षांनी मोठा आणि बास्केटबॉलमध्ये आधीच नाव मिळवलेला. धाकट्याने थोरल्याच्या पाठोपाठ मैदानावर जायचे हे सगळ्या घरांत चालते. पण इथे धाकट्याचे वेड वेगळेच निघाले. सकाळी शाळा भरण्याच्या आधी, गाव झोपेत असताना, तो व्यायामशाळेत जाऊन एकट्याने चेंडू टाकीत बसे. शेकड्यांनी चेंडू. शाळा सुटली की पुन्हा संघाबरोबर सराव, आणि संघ घरी गेला की पुन्हा एकटा. त्याच्यापेक्षा उंच उडणारे, त्याच्यापेक्षा वेगाने धावणारे खेळाडू त्या देशात होते. त्याची उंची १९६ सेंटिमीटर, म्हणजे ह्या खेळात मध्यमच. निसर्गाने दिलेल्या देणगीची गोष्ट लोक त्याच्याबाबत पुढे फार सांगू लागले. आम्हांला मात्र त्या पहाटेच्या रिकाम्या व्यायामशाळेची गोष्ट अधिक खरी वाटते.

गावचा क्लब शिबेन्का नुकताच पहिल्या श्रेणीत चढला होता. द्राझेनने त्याला दोन वर्षे लागोपाठ, १९८२ आणि १९८३ साली, कोराच चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. हा चषक युरोपातला तिसऱ्या क्रमांकाचा मानला जाई. दोन्ही वेळा शिबेन्काला हरवले ते फ्रान्सच्या लिमोजने. लिमोजचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

आता १९८३ च्या एप्रिलमधली ती रात्र. युगोस्लाव्हियाच्या अजिंक्यपदाचा निर्णायक सामना शिबेनिकात होता, समोर तोच सारायेवोचा बोस्ना. वेळ संपत आली तेव्हा बोस्ना एका गुणाने पुढे होता. शेवटच्या क्षणी द्राझेनने चेंडू टाकला, तो गेला नाही, पण पंचाने बोस्नाच्या खेळाडूचा फाउल दिला. घड्याळ संपलेले, दोन फ्री थ्रो बाकी, आणि रेषेवर अठरा वर्षांचा मुलगा. त्याने दोन्ही टाकले. शिबेन्का ८३, बोस्ना ८२. त्या रात्री सारे गाव रस्त्यावर आले. त्या सामन्यात त्याचे एकट्याचे ४० गुण होते.

दुसऱ्या दिवशी महासंघाने तो निकाल रद्द केला. शेवटचा फाउल चुकीचा दिला, पंचाचे वर्तन योग्य नव्हते, असे ठरवून सामना त्रयस्थ गावी, नोव्ही सादला, पुन्हा खेळण्याचा हुकूम झाला. शिबेन्काने जाण्यास नकार दिला. अजिंक्यपद बोस्नाला दिले गेले. फाउल होता की नव्हता ह्याचा वाद तिथे नंतर कित्येक वर्षे चालला. आम्ही त्यात पडत नाही. परंतु रात्री गळ्यात घातलेले पदक सकाळी परत मागितले गेले तर अठरा वर्षांच्या मुलाच्या मनावर काय उमटेल ह्याची कल्पना कोणाही आईबापाला येईल.

त्यानंतर एक वर्ष त्याने सक्तीच्या लष्करी सेवेत काढले. अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठाचेही त्याला बोलावणे होते. पण १९८४ साली तो गेला झाग्रेबला, त्सिबोना क्लबात, जिथे थोरला भाऊ आत्सो आधीपासून खेळत होता. त्सिबोना हे नाव लॅटिन शब्दांवरून केलेले. त्याचा अर्थ चांगले अन्न. झाग्रेबच्या खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपन्या ह्या क्लबाला पैसा पुरवीत, म्हणून हे नाव. प्रशिक्षक होते मिर्को नोवोसेल, अतिशय अनुभवी माणूस.

पहिल्याच हंगामात त्सिबोनाने देशाचे अजिंक्यपद घेतले, देशाचा चषक घेतला, आणि युरोपच्या चषकाच्या अंतिम सामन्यात धडक मारली. त्या वेळची पद्धत आजच्यासारखी नव्हती. आधीच्या बाद फेऱ्यांतून सहा क्लब उरत. त्या सहांनी प्रत्येकाशी दोन वेळा, एकदा आपल्या घरी आणि एकदा त्याच्या घरी, असे दहा सामने खेळायचे. पहिल्या दोघांचा अंतिम सामना एका त्रयस्थ शहरात. त्यामुळे अंतिम सामन्यात येणाऱ्याला नशिबाने आला असे कोणी म्हणू शकत नसे. डिसेंबरपासून मार्चपर्यंत बर्फातून, पावसातून, परक्या शहरांतून लोकांच्या शिट्ट्या ऐकत तो आलेला असे.

३ एप्रिल १९८५ रोजी अथेन्समध्ये त्सिबोनासमोर उभा राहिला रेआल माद्रिद, तोपर्यंत सात वेळा हा चषक जिंकलेला. त्सिबोनाने तो कधीच जिंकला नव्हता. सामना ८७–७८ असा त्सिबोनाने जिंकला आणि त्यांतले ३६ गुण द्राझेनचे होते. वय वीस. त्याचा खेळ पाहून अर्धे युरोप वेडे झाले आणि उरलेले अर्धे संतापले. कारण हा मुलगा नुसता चेंडू टाकून गप्प बसत नसे. चेंडू आत गेला की हात पसरून विमानासारखा धावे, प्रेक्षकांना डिवचे, प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर हसे. माद्रिदचे लोक त्याचा मनापासून द्वेष करू लागले. वडीलधाऱ्यांना हे वागणे आवडण्यासारखे नव्हते, आम्हांलाही ते आवडले असे म्हणवत नाही. पण चित्रफितीवर ते सामने पाहताना डोळा मात्र त्याच्यावरून हलत नाही, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा हंगाम, १९८५–८६. युरोपच्या चषकात त्याची सरासरी सामन्याला ३७ गुणांची पडली. आणि आता लिमोज. तोच क्लब, ज्याने शिबेन्काला दोनदा रडवले होते. झाग्रेबच्या सामन्यात द्राझेनने लिमोजविरुद्ध ५१ गुण केले. तीन गुणांची रेषा युरोपच्या खेळात नुकतीच, १९८४ पासून, आली होती, आणि तिच्या बाहेरून त्याने त्या दिवशी दहा चेंडू घातले. मोठमोठे प्रशिक्षक ही नवी रेषा म्हणजे एक खूळ समजत होते. तिचा उपयोग काय हे त्यांना ह्या मुलाने शिकवले.

ह्याच हंगामात लुब्लियानाच्या संघाविरुद्ध देशांतर्गत सामन्यात त्याने ११२ गुण केले अशी नोंद आहे आणि ती पुष्कळदा सांगितली जाते. पण समोर त्या दिवशी लुब्लियानाची पोरेसोरे होती. नोंदणीच्या घोळामुळे त्यांच्या मोठ्या खेळाडूंना खेळता आले नव्हते. त्या आकड्याला आम्ही फारशी किंमत देत नाही.

किंमत द्यायची ती एप्रिल १९८६ मधल्या बुडापेस्टच्या अंतिम सामन्याला. समोर सोव्हिएत लिथुएनियाचा झाल्गिरिस क्लब, आणि त्यात अर्विदास साबोनिस, सुमारे २२० सेंटिमीटर उंचीचा, तरीही हातांनी एखाद्या बुटक्या खेळाडूसारखा चपळ. युरोपातले दोन सर्वांत मोठे तरुण एका मैदानावर. द्राझेनला झाल्गिरिसने चांगले जखडले, त्याचे २२ गुण झाले. पण त्याला जखडण्यात त्यांची माणसे गुंतली आणि त्सिबोनाचे बाकीचे मोकळे झाले. मग मैदानावर हातघाई झाली, साबोनिसने त्सिबोनाच्या मिहोविल नाकिचला ठोसा मारला, आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. त्सिबोना ९४, झाल्गिरिस ८२. सलग दुसरा चषक.

इथे नियमाचा खेळ पाहावा. त्या वर्षी घरच्या अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीत त्सिबोना झादार क्लबाकडून एका गुणाने हरला, तोही आपल्याच शहरात. विजेत्यांच्या चषकात देशाचा विजेताच जाई. म्हणून युरोपचा दोन वेळचा विजेता त्सिबोना पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत नव्हताच. त्याला दुसऱ्या क्रमांकाच्या, चषकविजेत्यांच्या स्पर्धेत खेळावे लागले. ती त्याने १९८७ मध्ये जिंकली. पण द्राझेन पेत्रोविच पुन्हा कधीही मोठ्या चषकात खेळला नाही. एक वर्ष बेलग्रेडचा पार्तिझान जिंकला, एक वर्ष स्प्लिट, आणि तो दारापर्यंत येऊन परत फिरत राहिला.

१९८८ मध्ये त्याने माद्रिदची वाट धरली. होय, त्याच माद्रिदची, जिथले लोक त्याला शिव्या देत होते. युगोस्लाव्हियात खेळाडूला अठ्ठावीस वर्षांचा झाल्याशिवाय परदेशी जाऊ देत नसत. त्याच्यासाठी सवलत केली गेली. सुमारे चाळीस लाख डॉलरांचा व्यवहार झाला असे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले होते. ज्यांनी शिट्ट्या वाजवल्या त्यांनीच आता टाळ्या वाजवल्या. माणसाच्या मनाची ही गंमत फुटबॉलवाल्यांनाही ठाऊक आहे. पण स्पेनचा विजेता तेव्हा बार्सिलोना होता, म्हणून इथेही नशिबी आला तो दुसऱ्या क्रमांकाचाच चषक. मार्च १९८९ मध्ये त्याचा अंतिम सामना अथेन्सला झाला. समोर इटलीचा कासेर्ता, आणि त्यात ब्राझीलचा ऑस्कर श्मिट. ऑस्करने ४४ गुण केले. द्राझेनने ६२ केले. जादा वेळेत माद्रिद ११७–११३ असा जिंकला. जाणकार लोक आजही ह्या सामन्याची आठवण काढतात. माद्रिदच्या सोबत्यांना मात्र एकट्यानेच सगळे चेंडू टाकावेत हे फारसे रुचले नाही, असे बोलले गेले.

दरम्यान राष्ट्रीय संघात त्याला एक मित्र मिळाला होता. व्लादे दिवात्स, सर्बियातला, २१६ सेंटिमीटरांचा, हसतमुख, त्याच्याहून तीनेक वर्षांनी लहान. १९८६ च्या जागतिक स्पर्धेत माद्रिदला सोव्हिएत संघाविरुद्ध युगोस्लाव्हिया नऊ गुणांनी पुढे असताना शेवटच्या मिनिटात हा सामना हातचा गेला, आणि त्यात कोवळ्या दिवात्सची एक चूक नडली होती. अशा पराभवांतून माणसे जवळ येतात. दौऱ्यावर दोघे एका खोलीत राहत. १९८८ साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये रौप्य, १९८९ साली झाग्रेबला युरोपचे सुवर्ण. मग त्याच वर्षी दोघेही अमेरिकेला गेले. दिवात्स लॉस एंजेलिसला, द्राझेन पोर्टलंडला.

दिवात्सचे तिथे बस्तान बसले. द्राझेनचे बसेना. पोर्टलंडने त्याची निवड १९८६ मध्येच करून ठेवली होती, पण संघात त्याच्या जागेवर क्लाइड ड्रेक्सलर आणि टेरी पोर्टर होते. युरोपचा अनभिषिक्त राजा राखीव बाकावर बसला. पहिल्या वर्षी सामन्याला साधारण बारा मिनिटे, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. युरोपातल्यांना चेंडू टाकता येतो, पण अमेरिकेच्या खेळाडूंना रोखता येत नाही, असा तिथे समज होता. ह्या दिवसांत त्याने दिवात्सला वारंवार फोन करून मन मोकळे केले. दिवात्सने पुढे हे स्वतः सांगितले आहे. सरावाला मात्र त्याने सुट्टी दिली नाही. तो सर्वांच्या आधी येई आणि सर्वांच्या नंतर जाई.

ऑगस्ट १९९०. जागतिक स्पर्धा, ब्युनोस आयर्स. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला ९२–७५ असे हरवले. लोक मैदानात धावले. त्यांत एकाच्या हाती क्रोएशियाचा झेंडा होता. घरी, युगोस्लाव्हियात, फुटीचे वारे तेव्हा जोरात वाहू लागले होते. दिवात्सने त्या माणसाच्या हातून तो झेंडा ओढून घेतला. हा विजय साऱ्या युगोस्लाव्हियाचा आहे, इथे एकाचा झेंडा नको, अशी आपली भावना होती असे त्याने नंतर सांगितले. दुसऱ्या कुणाचा झेंडा असता तरी आपण तेच केले असते, हेही तो सांगत आला. पण ते दृश्य दूरचित्रवाणीवरून घरोघर गेले. सर्बियात तो वीर ठरला आणि क्रोएशियात शत्रू.

द्राझेनने त्याच्याशी बोलणे कमी केले, आणि मग बंदच केले.

आम्ही ह्या जागी जरा थांबलो. द्राझेनचे वडील सर्ब होते हे वर आम्ही लिहिले आहेच. त्याच्या घरात ही रेघ ओढायची म्हटली तर ती जेवणाच्या टेबलावरूनच ओढावी लागली असती. पण १९९१ मध्ये युद्ध पेटले, सप्टेंबरात शिबेनिकवर तोफगोळे पडले, त्या जुन्या कथीड्रलच्या घुमटालाही गोळा लागला. द्राझेन हजारो मैलांवर अमेरिकेत होता आणि गावात त्याची बालपणीची माणसे तळघरांत बसली होती. अशा वेळी दूर असलेल्याचे मन अधिक कडवे होते. दोघे अमेरिकेतल्या मैदानांवर समोरासमोर येत, दिवात्स बोलू पाही, द्राझेन तोंड फिरवी. कोणाचे चुकले हे आम्ही ठरवू शकत नाही. दिवात्सने झेंडा ओढायला नको होता असे आमचे मत आहे. द्राझेनने त्याला एकदा ऐकून घ्यायला हवे होते असेही आमचे मत आहे.

जानेवारी १९९१ मध्ये पोर्टलंडने त्याला न्यू जर्सी नेट्स ह्या संघाला देऊन टाकले. नेट्स तेव्हा तळाशी होते. इथे त्याला खेळायला मिळाले. १९९१–९२ च्या हंगामात तो सर्वच्या सर्व ८२ सामने खेळला आणि सरासरी २०.६ गुण केले. नेट्स सहा वर्षांनी बाद फेरीत पोहोचले. पुढच्या हंगामात सरासरी २२.३ झाली, आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून टाकलेल्या दर शंभर चेंडूंतले जवळजवळ ४५ आत जाऊ लागले. हंगामाच्या शेवटी त्या लीगच्या पंधरा श्रेष्ठ खेळाडूंत त्याचे नाव आले. त्याआधीच्या तारांकित सामन्यासाठी मात्र त्याला बोलावले नव्हते, आणि ते त्याला लागले होते.

मधल्या काळात, १९९२ मध्ये, बार्सिलोनाचे ऑलिंपिक झाले. क्रोएशिया प्रथमच स्वतःच्या नावाने उतरला होता. उपांत्य सामन्यात पूर्वीच्या सोव्हिएत देशांच्या संघाविरुद्ध शेवटच्या काही सेकंदांत पुन्हा तो फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहिला. शिबेनिकची ती रात्र नऊ वर्षे मागे पडली होती. दोन्ही चेंडू आत गेले, ७५–७४. ह्या वेळी निकाल कोणी रद्द केला नाही. अंतिम सामन्यात मायकेल जॉर्डन, मॅजिक जॉन्सन, लॅरी बर्ड यांचा अमेरिकेचा संघ होता. क्रोएशिया ८५–११७ असा हरला, द्राझेनने २४ गुण केले आणि जॉर्डनच्या डोळ्याला डोळा भिडवून केले.

एप्रिल १९९३ मध्ये युरोपचा चषक लिमोजने जिंकला. सांघिक खेळात युरोपच्या विजेत्यांचा मोठा चषक फ्रान्सला मिळवून देणारा हा पहिला पुरुष क्लब. मार्सेयचा फुटबॉल चषक त्यानंतर महिन्याभराने आला. लिमोजचे प्रशिक्षक होते बोझिदार माल्कोविच, ज्यांनी आधी स्प्लिटला दोन वेळा हा चषक जिंकून दिला होता. युगोस्लाव्हिया फुटला आणि त्याचे प्रशिक्षक, खेळाडू असे साऱ्या युरोपभर पांगले. द्राझेनचाही नेट्सशी करार संपत आला होता. तो युरोपात परतणार, ग्रीसचे क्लब मागे लागले आहेत, अशा बातम्या येत होत्या. परतला असता तर कदाचित तो मोठ्या चषकात पुन्हा दिसला असता.

जूनच्या आरंभी तो क्रोएशियाच्या संघाबरोबर पोलंडमध्ये व्रोत्सवाफला पात्रता सामने खेळायला आला. शेवटच्या सामन्यात स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने ३० गुण केले. संघ विमानाने फ्रँकफुर्टमार्गे झाग्रेबला निघाला. फ्रँकफुर्टला द्राझेनने बेत बदलला आणि मैत्रिणीच्या मोटारीतून पुढे जायचे ठरवले. ७ जून १९९३, सोमवार. बव्हेरियात डेंकेनडॉर्फजवळच्या महामार्गावर पाऊस पडत होता. एक ट्रक घसरून रस्त्यावर आडवा झाला होता. मोटार त्यावर आदळली. मोटारीतल्या दोघी जखमी झाल्या पण वाचल्या. द्राझेन पुढच्या आसनावर झोपलेला होता. त्याने पट्टा बांधलेला नव्हता. तो जागीच गेला.

झाग्रेबमध्ये त्याच्या अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी एखाद्या राष्ट्रप्रमुखाच्या वेळी व्हावी तशी होती. मिरोगोय ह्या तिथल्या मोठ्या दफनभूमीत त्याला ठेवले. दिवात्स त्या वेळी येऊ शकला नाही. युद्ध चालू होते आणि सर्बियाच्या त्या झेंडेवाल्याला झाग्रेबमध्ये पाऊल ठेवणे शक्य नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेट्सनी त्याचा ३ क्रमांक कायमचा काढून ठेवला. २००२ मध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल कीर्तिमंदिरात त्याचे नाव गेले. २००१ साली क्रोएशियाचा गोरान इव्हानिसेविच विंबल्डन जिंकून स्प्लिटला आला तेव्हा हजारो लोकांसमोर त्याने द्राझेनचा नेट्सचा सदरा अंगात घातलेला होता. अमेरिकेत आज युरोपचे खेळाडू संघांचे पुढारी असतात. त्यांच्यासाठी वाट मोकळी करणाऱ्या पहिल्या काही जणांत तो होता.

आणि तो चषक? १९८८ पासून शेवटचे चार क्लब एका शहरात जमून निर्णय लावण्याची पद्धत आली. २००० साली मोठ्या क्लबांनी महासंघापासून फारकत घेऊन आपली वेगळी लीग काढली. २०२३ पर्यंत रेआल माद्रिदच्या नावावर अकरा चषक झाले होते. त्सिबोनाची मात्र पैशाअभावी ओढाताण झाली आणि २०११ नंतर तो त्या मोठ्या स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच्या नावावर ते दोनच चषक राहिले आहेत, १९८५ चा आणि १९८६ चा.

२०१० मध्ये दिवात्स झाग्रेबला गेला. वीस वर्षे झाली होती. एक माहितीपट बनत होता, त्याच्या निमित्ताने तो गेला. रस्त्यावर लोकांनी त्याला ओळखले, काहींनी तोंड वाकडे केले. बिसेर्काबाई आणि आत्सो यांनी त्याला घरात घेतले, त्याच्याशी बोलत बसले. मग तो मिरोगोयला कबरीपाशी गेला आणि दोघांचा जुना एकत्र फोटो तिथे ठेवून आला.

आपल्यापैकी कोणी युरोपच्या प्रवासाला निघाले आणि झाग्रेबला उतरले, तर त्सिबोनाच्या त्या व्यायामशाळेला आता द्राझेन पेत्रोविचचे नाव आहे, आणि तिच्या शेजारी २००६ पासून त्याचे संग्रहालय आहे. आईने जपून ठेवलेल्या वस्तू, पदके, सदरे, बूट तिथे मांडलेले आहेत. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ऑलिंपिक संग्रहालयाच्या बागेतही त्याचा पुतळा १९९५ पासून उभा आहे.